सात पाताळं : कोणत्या थरात काय आणि राज्य कोणाचं

वाचकांचे प्रश्न

गणपतीच्या देखाव्याची तयारी आणि दिवाळी अंकासाठीचं लेखन साधारण एकाच सुमारास सुरू होतं. या वेळी दोन्हीकडून पाताळाबद्दल विचारणा झाली. सातारा आणि सांगली भागातली पत्रं इथे एकत्र घेतली आहेत. थरांचा क्रम आणि राजे भागवताच्या पाचव्या स्कंधातल्या 24व्या अध्यायाप्रमाणे दिले आहेत. दुसऱ्या ग्रंथाचा आधार घेतला तिथे त्याचं नाव सांगितलं आहे.

प्रश्न : आमचं मंडळ यंदा सप्तपाताळाचा देखावा करणार आहे. मांडवाची आतली उंची 12 फूट. खाली खाली जाताना आग वाढवत न्यायची आणि सगळ्यात तळाला लाल उजेडात रेड्यावर बसलेला यमराज, अशी कल्पना आहे. क्रम बरोबर आहे ना? आणि इतके थर उंचीत बसवायचे कसे? (एक कार्यकर्ते, मिरज)

आग आणि यमराज दोन्ही काढा. देखाव्यांत ही चूक सर्रास दिसते. पाताळ आणि नरक या पुराणांत दोन वेगळ्या जागा आहेत. सात पाताळांना भागवत ‘बिलस्वर्ग’ म्हणतं, म्हणजे जमिनीखालचे स्वर्ग. तिथली घरं, बागा, ऐश्वर्य आणि चैन वरच्या स्वर्गापेक्षा जास्त आहे असं स्पष्ट लिहिलेलं आहे. शिक्षा भोगायला तिथे कोणी जात नाही.

नरकाची माहिती त्यानंतर, 26व्या अध्यायात येते. त्याची जागा दक्षिण दिशेला, भूमीच्या खाली आणि गर्भोदक जलाच्या (ब्रह्मांडाच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या) वर अशी सांगितली आहे. तिथे सूर्यपुत्र यमाचं राज्य. आधी 21 नरक आणि मग आणखी 7, असे एकूण 28. यम दाखवायचाच असेल तर मांडवाच्या दक्षिण बाजूला वेगळा कोपरा करा. पाताळाच्या उतरंडीत त्याला घेऊ नका.

क्रम वरून खाली असा : अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताल. प्रत्येकाचं अंतर 10,000 योजनं. सातव्याच्या तळापासून आणखी 30,000 योजनं खाली अनंत, म्हणजे शेष. एकूण 1,00,000 योजनं. म्हणजे 1 फुटाला 10,000 योजनं धरलीत तर सात थर सात फुटांत आणि शेषाची जागा तीन फुटांत बसते. वर दोन फूट उरतात, त्यात पृथ्वी करा : डोंगर, नदी, घाट. प्रमाण चोख राहतं आणि एका पाटीवर ते लिहून लावता येतं.

एक फुटाच्या थरात मूर्ती 7 ते 8 इंचांपेक्षा मोठी नको, नाहीतर छत डोक्याला टेकल्यासारखं दिसतं. दुसरी अडचण नजरेची. मोठ्या माणसाची नजर साधारण 5 फुटांवर असते. त्याच्या वरच्या थरांची जमीन खालून दिसतच नाही, फक्त फळीची कड दिसते. म्हणून वरच्या थरांच्या फळ्या मागून 3 इंच उचलून पुढे उतरत्या ठेवा. पाचव्या फुटाखालच्या फळ्या सपाट ठेवल्या तरी चालतात.

शेषाच्या हजार फणांपैकी एकीवर सगळं भूमंडल मोहरीच्या दाण्याएवढं दिसतं, असं वर्णन आहे. तेव्हा तळाच्या तीन फुटांत एका फणेवर खरोखरच पांढऱ्या मोहरीचा एक दाणा चिकटवा आणि पुढे भिंग बसवा. लहान मुलांची नजर नेमकी त्याच उंचीवर येते.

प्रश्न : सातही थरांची जमीन वेगळी दिसायला हवी. रंग कोणते द्यायचे? आणि सूर्य नसलेल्या जागेत उजेड कुठून दाखवायचा? (सजावटकार, सांगली)

जमिनीचे रंग विष्णुपुराणात, दुसऱ्या अंशाच्या पाचव्या अध्यायात आहेत. क्रमाने : पांढरी, काळी, तांबूस, पिवळी, बारीक खड्यांची, खडकाळ आणि सोन्याची. मात्र विष्णुपुराणातला थरांचा क्रम निराळा आहे : अतल, वितल, नितल, गभस्तिमत्, महातल, सुतल, पाताल. भागवतात तिसरं असलेलं सुतल इथे सहावं येतं. त्यामुळे नावावरून रंग लावायला गेलात की गोंधळ होतो. सोपा मार्ग असा की नावं आणि राजे भागवतातले ठेवा आणि रंग थराच्या क्रमांकाप्रमाणे द्या. तसं पाटीवर लिहा, म्हणजे जाणकार माणूस अडवणार नाही.

सामान आपल्याच भागात मिळतं. पांढऱ्यासाठी शाडू, काळ्यासाठी कृष्णाकाठची मळीची माती, तांबड्यासाठी महाबळेश्वर-जावळीकडची लाल माती किंवा गेरू. पिवळ्यासाठी हळद वापरावीशी वाटेल, सांगलीत ती मुबलकच आहे. पण हळदीचा रंग उजेडात फिका पडतो आणि दहा दिवस दिव्याखाली तो टिकणार नाही. त्यापेक्षा रामरज, म्हणजे पिवळी माती, घ्या. पाचव्या थराला खडीची बारीक कच, सहाव्याला काळ्या दगडाच्या कपच्या, सातव्याला सोनेरी पावडर.

माती थरभर ओतू नका. 6 बाय 3 फुटांच्या फळीवर एक इंच जाडीची ओलसर माती म्हणजे दीड घनफूट, जवळजवळ 70 किलो. सात थरांचं वजन पाचशे किलोच्या घरात जातं आणि बांबूचा सांगाडा वाकतो. आधी कागदाच्या लगद्याने उंचसखलपणा करून घ्या. लगदा पूर्ण वाळू द्या, पावसाळी हवेत त्याला तीन-चार दिवस सहज लागतात. मग पातळ डिंक लावून वर चाळलेली माती भुरभुरा. ओल्या लगद्यावर माती टाकली तर ती आत शोषली जाते आणि सगळे थर सारखेच मळकट दिसतात. थर्माकोलचा विचार नको. 2018 पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे.

आता उजेड. यात दोन ग्रंथ दोन गोष्टी सांगतात. भागवतात तिथे सूर्य पोचत नाही, दिवस-रात्रीची विभागणीच नाही, आणि मोठमोठ्या नागांच्या फणांवरचे मणी अंधार घालवतात. विष्णुपुराणात सूर्याचा प्रकाश येतो पण ऊन लागत नाही, चांदणं पडतं पण थंडी वाजत नाही. दोन्ही एकत्र करू नका. देखाव्याला भागवताची पद्धत जास्त शोभते, कारण प्रकाशाची जागा ठरून जाते. तो नागाच्या डोक्यावरून, खालून वर किंवा आडवा आला पाहिजे. वरून फोकस मारलात की सगळा परिणाम गेला, आणि मांडवात हेच हटकून घडतं, कारण मंडपवाल्याने गणपतीसाठी लावलेल्या हॅलोजनचा उजेड देखाव्यावर सांडतो. मध्ये काळा पडदा टाका.

प्रत्येक फणेमागे 3 वॅटचा एलईडी पुरेसा होतो. असे 40 दिवे म्हणजे 120 वॅट, 12 व्होल्टवर 10 अँपिअर. अडॅप्टर 15 अँपिअरचा घ्या, नेमका दहाचा घेतला तर तो तापत राहतो. वायर लांबली की शेवटचे दिवे मंद पडतात, म्हणून दोन्ही टोकांकडून वीज द्या. वितलात खरं पाणी खेळवणार असाल तर पंप आणि पाण्याची नळी खाली, वायरी वर, हा नियम मोडू नका.

प्रश्न : अद्भुत कादंबरी लिहितो आहे. त्यात सातही पाताळांवर एकच सम्राट आहे आणि बळीराजा त्याच्या कैदेत आहे. पुराणांशी हे कितपत जुळतं? (लेखक, कराड)

जुळत नाही, आणि जुळवायला गेलात तर हाताशी असलेली फार चांगली रचना वाया जाईल. सगळ्या पाताळांचा एक राजा भागवतात नाहीच. प्रत्येक थराचा धनी वेगळा आहे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाचं भय वेगळं आहे. लेखकाने नकाशा काढण्याआधी हा भयाचा हिशेब मांडावा, असं आम्ही आग्रहाने सांगू. कोण कोणाला घाबरतो हे ठरलं की कथानकाचे दरवाजे आपोआप दिसू लागतात.

जवळपास सगळ्यांना समान असलेलं भय एकच : विष्णूचं सुदर्शन चक्र. तिथे म्हातारपण नाही. दिव्य औषधींच्या रसामुळे केस पिकत नाहीत, सुरकुत्या पडत नाहीत, घामाला वास येत नाही. मृत्यू येतो तो फक्त चक्राच्या तेजाने. ते शिरलं की असुरांच्या स्त्रियांचे गर्भ गळून पडतात. आता हा नियम हाती धरून एकेक थर पाहा.

अतलात मय दानवाचा मुलगा बल. त्याने 96 प्रकारच्या माया निर्माण केल्या. तिथे पोचलेल्या माणसाला हाटक नावाचा रस पाजतात. तो प्यायला की ‘मीच ईश्वर, माझ्यात दहा हजार हत्तींचं बळ’ असं त्याला वाटू लागतं. म्हणजे पहिल्याच थरात परक्या माणसाचं भय काढून घेतलं जातं. कादंबरीत खाली उतरणारं पात्र इथे अडकू शकतं, आणि अडकल्याचं त्याला कळणारही नाही.

वितलात राजा म्हणण्यापेक्षा देवच राहतो. हाटकेश्वर शिव, भवानी आणि भूतगण. तिथून हाटकी नदी निघते. वाऱ्याने पेटलेला अग्नी ती पितो आणि थुंकतो, त्यातून हाटक नावाचं सोनं होतं. दैत्यांच्या अंतःपुरातले दागिने याच सोन्याचे. बाकीच्या थरांतली श्रीमंती दाखवताना सोनं कुठून आलं हे सांगायचं असेल तर उगम हा.

सुतलात विरोचनाचा पुत्र बळी. तो कैदी नाही. त्याचं राज्य देवांनाही हेवा वाटावा असं आहे, आजोबा प्रल्हाद त्याच्यासोबत आहेत, आणि स्वतः वामन हातात गदा घेऊन त्याच्या दारावर उभा आहे. दिग्विजयाला निघालेला रावण इथे आला तेव्हा या द्वारपालाने पायाच्या अंगठ्याने त्याला दूर भिरकावलं. पुढच्या, म्हणजे सावर्णी मन्वंतरात बळीच इंद्र होणार आहे. पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणणाऱ्या घरांत वाढलेला वाचक बळीला साखळदंडात पाहायला तयार होणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

तलातलात मय. शिवाने त्याची त्रिपुरं जाळली आणि मग त्याच शिवाच्या कृपेने त्याला हे स्थान मिळालं. महादेव राखणदार असल्याने त्याला सुदर्शनाचं भय उरलेलं नाही. सगळ्या पाताळांतली नगरं मयाने रचलेली : रत्नांच्या भिंती, तट, गोपुरं, सभा, चौक, कृत्रिम जमिनीवर पारव्यांची जोडपी, पोपट, साळुंक्या. बागांमध्ये तळी, तळ्यांत कुमुदं आणि निळी-तांबडी कमळं, आणि पाणी ढवळणारे मासे. म्हणजे सातही थरांचा स्थापत्यकार एकच आहे. ज्याचं घर जळलं तोच सगळ्यांची घरं बांधतो. सम्राटापेक्षा हा माणूस तुमच्या कादंबरीला जास्त उपयोगी पडेल.

महातलात नागमाता कद्रूची अनेक फणांची मुलं, क्रोधवश गणातली : कुहक, तक्षक, कालिय, सुषेण. त्यांना गरुडाचं भय. बायकामुलांसह कधीमधी आनंदात असतात, पण मनातली धास्ती जात नाही.

रसातलात पणी, निवातकवच, कालेय आणि हिरण्यपुरवासी. देवांचे हाडवैरी, अंगी मोठं बळ, तरी बिळात सापासारखे राहतात. त्यांना भय इंद्राचं, आणि तेही इंद्राची दूती असलेल्या सरमेने उच्चारलेल्या शब्दांमुळे. सरमा म्हणजे देवांची कुत्री. ती आणि गाई लपवणारे पणी यांचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, 108व्या सूक्तात आहे. शस्त्र न उगारता, नुसत्या बोलण्याने एका अख्ख्या थराला धाकात ठेवलेलं आहे. असा प्रसंग नव्याने कल्पायचा म्हटलं तर सहज सुचणार नाही.

सातव्यात वासुकी आणि त्याच्याभोवती शंख, कुलिक, महाशंख, श्वेत, धनंजय, धृतराष्ट्र, शंखचूड, कंबल, अश्वतर, देवदत्त. कुणाला पाच फणा, कुणाला सात, दहा, शंभर, हजार. सगळ्यात खोल थर आणि सगळ्यात जास्त मणी. इथे अंधार दाखवणं म्हणूनच चुकीचं, हा थर सर्वांत उजळ हवा.

प्रश्न : योजन म्हणजे किती किलोमीटर? मुलांना पाताळाची खोली सांगायची आहे. (शिक्षिका, वाई)

योजन म्हणजे चार कोस. कोसाचं माप काळानुसार आणि प्रांतानुसार बदलतं. साधारण 12 ते 13 किलोमीटर धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने एकच थर सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास जातो आणि पृथ्वीचा व्यास आहे सुमारे 12,742 किलोमीटर. म्हणून वर्गात किलोमीटर करून सांगू नका. पहिला हुशार मुलगा लगेच भागाकार करील आणि गोष्ट तिथेच अडेल. 10,000, 70,000 आणि 1,00,000 हे आकडे योजनांतच राहू द्या, आणि फळ्यावर एक वीत म्हणजे दहा हजार योजनं असं काढून दाखवा.

प्रश्न : आम्ही कोयना खोऱ्यातले. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकला आहे. ‘शेषाने फणा हलवली’ असं आजी म्हणायची. हे पुराणात आहे का? (वाचक, पाटण)

जवळपास तसंच आहे. विष्णुपुराणात अनंत मदाने डोळे फिरवत जांभई देतो तेव्हा डोंगर, समुद्र आणि अरण्यांसह भूमी हलते, असं म्हटलं आहे. कारण फणा नसून जांभई आहे, एवढाच फरक. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात दुसरं कारण येतं. सगराचे साठ हजार पुत्र यज्ञाचा घोडा शोधत जमीन खणत खाली गेले तेव्हा त्यांना चार दिशांचे चार हत्ती दिसले : पूर्वेला विरूपाक्ष, दक्षिणेला महापद्म, पश्चिमेला सौमनस, उत्तरेला भद्र. थकलेला हत्ती डोकं हलवतो आणि भूकंप होतो. कथेत दोन्ही कारणं एकदम वापरू नका, कारण मग भार नक्की कोणावर आहे हा प्रश्न उभा राहतो. भूगोलाच्या पुस्तकातलं कारण अर्थातच तिसरं, आणि घर बांधताना त्याचंच ऐकायचं.

प्रश्न : वरून पाताळात जाण्याचे मार्ग कोणते? आमच्या एकांकिकेत नायक नुसता ‘अंतर्धान’ पावतो, ते पटत नाही. (नाट्यसंस्था, सातारा)

महाभारतात तीन-चार मार्ग आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. उत्तंक कुंडलं घेऊन पळालेल्या तक्षकामागे बिळाशी येतो, काठीने खणू लागतो आणि इंद्राचं वज्र त्याला वाट करून देतं. आत त्याला काळे-पांढरे धागे विणणाऱ्या दोन स्त्रिया आणि बारा आऱ्यांचं चाक फिरवणारी सहा मुलं दिसतात. परत येताना तो घोड्याच्या मदतीने सगळा नागलोक धुराने भरतो, तेव्हा कुंडलं हाती येतात. रंगमंचाला हा मार्ग सर्वांत सोयीचा : एक चौकट, एक फिरतं चाक, थोडा धूर. धुराचं यंत्र विंगेत जमिनीलगत ठेवा. उंचावर ठेवलं तर धूर नटांच्या तोंडावर येतो आणि संवाद अडतात.

भीम पाण्याच्या वाटेने जातो, विष घालून गंगेत टाकलेला. तो नागलोकात रसाची आठ कुंडं पिऊन उठतो. अर्जुन निवातकवचांवर इंद्राच्या रथातून जातो. आणि इंद्राचा सारथी मातली तर मुलीसाठी, गुणकेशीसाठी, स्थळ बघायला खालच्या लोकांत फिरतो आणि नागांच्या भोगवती नगरीत सुमुख नाग पसंत करतो. वरसंशोधनासाठी पाताळाची फेरी! एकांकिकेला हा विषय आम्ही मनापासून सुचवू.

वेशभूषेबद्दल एक सांगायचं राहिलं. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केलं. तेव्हाच्या पौराणिक नाटकांत राक्षस राळ उडवत, ‘अललडुर्र’ ओरडत येई. पाताळातल्या दैत्यांना तो थाट लावू नका. मघाशी म्हटलं तसं, ते सुरकुती नसलेले, सुगंधी, हाटक सोन्याने मढलेले लोक आहेत. राळ नरकाच्या कोपऱ्यासाठी ठेवा.

प्रश्न : नागपंचमीला म्हणायच्या नऊ नागनामांतले नाग कोणत्या थरात राहतात? पंचमीच्या फलकावर लिहायचं आहे. आणि देखाव्यात खरा नाग ठेवता येईल का? (ग्रामस्थ, बत्तीस शिराळा)

नऊ नावं अशी : अनंत, वासुकी, शेष, पद्मनाभ, कंबल, शंखपाल, धृतराष्ट्र, तक्षक, कालिय. यांतले वासुकी, कंबल आणि धृतराष्ट्र सातव्या पाताळात. तक्षक आणि कालिय पाचव्यात, म्हणजे महातलात. अनंत आणि शेष सातही थरांच्या खाली. पद्मनाभ आणि शंखपाल ही नावं भागवताच्या त्या अध्यायात येत नाहीत, म्हणून फलकावर त्यांच्यापुढे थर लिहू नका. कालियाबद्दल कोणी हरकत घेईल, कारण दहाव्या स्कंधात कृष्ण त्याला यमुनेतून रमणक द्वीपाकडे पाठवतो. एकाच ग्रंथात दोन्ही उल्लेख आहेत. फलकावर ‘पाचव्या स्कंधानुसार’ एवढं लिहिलं की वाद मिटतो.

खरा नाग ठेवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे नाग पकडणं आणि बाळगणं गुन्हा आहे. शिवाय मांडवातला ढोल जमिनीतून त्याच्या अंगाला जाणवत राहतो आणि त्याने तो हैराण होतो. मातीचा नाग करा. फणेचा मागचा भाग पोकळ ठेवा, म्हणजे वर सांगितलेला 3 वॅटचा दिवा त्यात बसतो. मण्याच्या जागी पातळ लाख किंवा रंगीत काच लावा. जिलेटिनचा कागद एलईडीपुढे चालेल, साध्या बल्बपुढे तो आकसतो आणि करपतो.